दिल्लीवर चिडतो आपण, पण चार वर्षं नगरसेवक नव्हते हे जाणवलं तरी का?

घाटमाथा
सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, महाराष्ट्र एवढा टॅक्स भरतो आणि दिल्लीकडून इतकेच परत येतात वगैरे. आकडे दरवेळी वेगळे, राग तोच. आणि रागात काही खोटं नाही. १५व्या वित्त आयोगाने वाटपाच्या करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले, त्या ४१ मधला आपला वाटा ६.३२ टक्के होता, यूपीचा १७.९४, बिहारचा १०.०६. शिवाय सेस आणि सरचार्ज म्हणून जे गोळा होतं ते या वाटपात धरतच नाहीत, ते सगळं केंद्राकडे राहतं. म्हणजे वरवर ४१ दिसतं पण पूर्ण गल्ल्याचे ४१ नाहीत.

तर त्याच ग्रुपवर मी विचारलं की बाबांनो, मार्च २०२२ मध्ये मुंबई पुण्यासकट बऱ्याच महापालिकांची मुदत संपली, मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये, मधली जवळपास चार वर्षं शहरं एका आयएएस अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रशासकाच्या सहीवर चालली, त्याबद्दल कुणाला काहीच का वाटलं नाही? दोन थम्सअप आले आणि एका काकांनी लिहिलं "बरंच झालं, खाणारी तोंडं कमी झाली". विषय तिथेच संपला, लगेच कुणीतरी पार्किंगचं काढलं.

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं. गोव्यासारख्या अख्ख्या राज्याच्या बजेटपेक्षा कितीतरी मोठं. ते प्रशासकाने मांडलं आणि मंजूर करणाराही प्रशासकच, कारण स्थायी समिती नाही, सभागृह नाही. हेच राज्याच्या बाबतीत झालं असतं, म्हणजे राष्ट्रपती राजवट लावून विधानसभा चार वर्षं बंद, तर आपण रस्त्यावर आलो असतो. २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट १२ नोव्हेंबरला लागली आणि २३ तारखेच्या पहाटे उठली तरी केवढा गदारोळ झाला होता आठवा.

प्यू रिसर्चचा २०१७ चा एक सर्व्हे आहे, त्यात ८५ टक्के भारतीयांनी केंद्र सरकारवर भरवसा असल्याचं सांगितलं आणि ५५ टक्के लोकांना संसद आणि कोर्टाची आडकाठी नसलेला खंबीर नेता चालेल असं वाटत होतं. मला असं दिसतं की सत्ता एका हातात असण्याचा आपल्याला मुळात त्रास नाहीये, तो हात आपल्या माणसाचा नसला की त्रास होतो. मुंबईचे मंत्री दिल्लीला बोलतात आणि स्वतः खालच्यांना तेच करतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. पटतंय का? नसेल तर सांगा.

रिकामटेकडा
नगरसेवक नव्हते हे जाणवलं की. वाढदिवसाचे फ्लेक्स कमी झाले. हां, "भावी नगरसेवक" वाल्यांचे वाढले ते सोडा.

बटाटेवडा
काका बरोबर बोलले. आमच्याकडे रस्ता खोदायचा, बुजवायचा, परत खोदायचा, प्रत्येक खोदाईत कुणाचातरी भाचा. प्रशासक निदान दर तीन वर्षांनी बदलून तरी जातो, भाचा कुठे जात नाही. लोकशाही वगैरे ठीके पण मला वेळेवर पाणी पाहिजे, ते कुणीही द्या.

अनुश्री_के
@बटाटेवडा, पाणी वेळेवर आलं का मग त्या चार वर्षांत?

बटाटेवडा
तसं नाही. म्हणजे आलं पण आधी यायचं तसंच आलं.

जुना_कारकून
एका महापालिकेच्या लेखा विभागात आयुष्य गेलं माझं, कोणती ते सांगत नाही. घाटमाथा, तुमचा मुद्दा पैशाच्या अंगाने जास्त नीट कळेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी पालिकेची खरी ताकद होती जकात. मुलुंड, दहिसर, मानखुर्द इथले नाके आठवत असतील. ट्रकच्या रांगा, दलाल, चिरीमिरी, सगळं होतं, मी त्याची बाजू घेत नाही. पण एकट्या मुंबईला त्यातून वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळायचे आणि तो पैसा रोजच्या रोज यायचा, कुणाकडे मागावा लागत नव्हता. बाकी शहरांची जकात आधी काढली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आणला, व्यापाऱ्यांनी आंदोलन केलं, मग १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच माफ. त्याबदल्यात राज्य अनुदान देणार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली.

आता गंमत बघा. केंद्राने राज्यांना शब्द दिला की तुमचा महसूल वर्षाला १४ टक्क्यांनी वाढतोय असं धरून पाच वर्षं जी तूट येईल ती आम्ही भरू. राज्याने पालिकांसाठी कायदा केला त्यात वाढ धरली ८ टक्के. वरून १४, खाली ८. मुंबईला पहिला चेक मिळाला ६४७ कोटींचा, तो द्यायला खास कार्यक्रम, व्यासपीठ, घोषणाबाजी, कोण देतंय आणि कोण घेतंय यावरून मानापमान. आपलाच पैसा होता हो तो. पण एकदा तो चेकने यायला लागला की देणारा मोठा होतो आणि घेणाऱ्याला हसून फोटो काढावा लागतो.

मग २०२० मध्ये करोनात केंद्राने राज्यांना सांगितलं की ही देवाची करणी आहे, पैसे नाहीत, कर्ज काढा. तेव्हा राज्यांनी केवढा आरडाओरडा केला, आणि बरोबरच केला, शेवटी केंद्राने राज्यांच्या वतीने १ लाख १० हजार कोटींचं कर्ज उचललं. पालिकांना असा आरडाओरडा करायला जागाच नाही. जीएसटी कौन्सिलमध्ये राज्याचे अर्थमंत्री बसतात, कुठल्याही महापौराला तिथे खुर्ची नाही.

आणि एक. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. लोक खूश. कर कुणाचा? पालिकेचा. माफ कुणी केला? मंत्रालयाने. दुसऱ्याच्या खिशातून दान करायला काय जातं.

घाटमाथा
जुना_कारकून साहेब, दंडवत. १४ आणि ८ चं मला अजिबात माहीत नव्हतं.

मीच_तो
यात ठराविक एका पक्षाचं नाव घ्यायला सगळे का घाबरताय? २०१४ नंतरच हे सगळं

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. पक्षीय धुणी दुसऱ्या धाग्यावर.

अनुश्री_के
पक्षाचं म्हणाल तर यात सगळे आळीपाळीने आहेत. मुंबईचे वॉर्ड २२७ होते, एका सरकारने २३६ केले, पुढच्याने परत २२७ केले. थेट सरपंच २०१७ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला, नगराध्यक्षाचं पण साधारण तसंच. ज्याला जेव्हा जे सोयीचं. निवडणुका लांबल्या त्याला कारण ओबीसी आरक्षणाचा कोर्टातला वाद हे खरं आहे, पण सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्येच सांगितलं होतं की दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. त्यानंतर परत मे २०२५ मध्ये चार महिन्यांत घ्या म्हणावं लागलं, ती मुदतही वाढवून घेतली. घटनेत तर स्पष्ट लिहिलंय की मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. एवढं स्पष्ट असून जर चार वर्षं जातात आणि त्यावर एकही मोठा मोर्चा निघत नाही तर घाटमाथा म्हणतात ते बरोबरच आहे.

वऱ्हाडी_ठेचा
मुंबईवाले म्हणतात दिल्ली पैसे घेऊन जाते. आता आम्ही विदर्भवाले काय म्हणतो ते पण ऐकून घ्या भाऊ. १९५३ चा नागपूर करार, त्यात लिहून दिलं होतं की वाटा देऊ, नोकऱ्यात देऊ, अधिवेशन नागपुरात घेऊ. अधिवेशन होते, डिसेंबरात येतात, संत्री खातात, मोर्चे पाहतात आणि जातात. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजून दिला. १९९४ ला घटनेच्या ३७१(२) कलमाखाली तीन विकास मंडळं झाली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि मग कोणाच्याच सरकारला घाई नव्हती.

गोसीखुर्द धरण घ्या. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, १९८८ ला भूमिपूजन. पुढे किती हजार कोटी गेले ते तुम्हीच शोधा. पण त्यात दोन पैसे आले कधी, तं २००९ ला केंद्राने राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घेतला तेव्हा. म्हणून आमच्याकडच्या माणसाला दिल्लीचा राग कमी न् मुंबईचा जास्त. तुम्हाला जे केंद्रीकरण वाटते ते आम्हाला कधी कधी सुटका वाटते. टॅक्स पण मुंबईचा म्हणता तो हेड ऑफिसच्या पत्त्याचा असते, कोळसा आमच्या चंद्रपूरचा, वीज तिथली, धूळ तिथली, आणि रिटर्न भरल्या जाते नरिमन पॉइंटवरून.

रिकामटेकडा
हेड ऑफिसचा मुद्दा जबरी आहे. चोरणार आहे ग्रुपवर टाकायला.

निळी_पाटी
धागा चांगला आहे पण एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलीय, की सत्ता जितकी खाली तितकी चांगली. हे कुणासाठी चांगलं? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना खेड्यांबद्दल काय म्हणलं होतं ते वाचा, संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची, जातीयतेची गुहा अशा अर्थाचे शब्द आहेत. गाव हे घटक न धरता व्यक्ती हा घटक धरला याचा त्यांना आनंद होता. त्याआधी डिसेंबर १९४६ च्या भाषणात १९३५ च्या कायद्यापेक्षाही मजबूत केंद्र हवं असं ते म्हणाले होते. हा माणूस मुंबईच्या विधिमंडळात बसलेला, महाडच्या तळ्याचा अनुभव घेतलेला. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला होताच की, आणि मग गावाच्या दबावाखाली तो मागे घेणारीही तीच नगरपालिका. जवळचं सरकार म्हणजे काय ते आमच्या आजोबांना माहीत होतं.

आमच्या लोकांचा भरवसा लांबच्या सरकारवर जास्त असतो याला तुम्ही "खंबीर नेत्याचं वेड" म्हणाल. मी म्हणेन अनुभव आहे. ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा संसदेने केला, कुठल्या जिल्हा परिषदेने नाही. सरपंचाच्या खुर्चीत आमची बाई बसते ती ७३व्या घटनादुरुस्तीमुळे, ती पण दिल्लीतून आली. गावावर सोडलं असतं तर तिला ग्रामपंचायतीच्या पायरीवर सुद्धा बसू दिलं नसतं. लांबच्या साहेबाला माझं आडनाव कळत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

घाटमाथा
@निळी_पाटी, ही बाजू मी धरलीच नव्हती. पण मग ज्या राज्यात केंद्रच विरोधात गेलं तिथे काय करायचं? लांबच्या साहेबाकडून एक चुकीचा निर्णय आला तर तो सगळ्या देशावर येतो, पळून जायला जागा राहत नाही.

निळी_पाटी
म्हणून तर कोर्ट आहे, मूलभूत हक्क आहेत, बोम्मई खटल्याचा १९९४ चा निकाल आहे. राष्ट्रपती राजवटीचं ३५६ कलम मनाला येईल तसं वापरता येणार नाही हे तिथे ठरलं. बाबासाहेबांनी केंद्र मजबूत मागितलं, बेलगाम नाही मागितलं. दोन्हीत फरक आहे.

अनुश्री_के
निळी_पाटी, तुमचं बरंचसं मान्य. पण त्याच धाग्याने पुढे जाऊ. महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या, एससी एसटीच्या लोकसंख्येप्रमाणे, ओबीसींच्या वेगळ्या. चार वर्षं सभागृह रिकामं ठेवलं तेव्हा नेमक्या याच जागा रिकाम्या राहिल्या ना? प्रशासकाच्या पदाला आरक्षण नसतं. माझ्या कामानिमित्त वस्त्यांमधून फिरणं होतं, तिथली नगरसेविका पहिल्या टर्मला नवऱ्याच्या मागे उभी असायची हे खरंय, पण दुसऱ्या टर्मला सभागृहात उठून टॉयलेटच्या दुरुस्तीवर इंजिनियरला घाम फोडायची. उच्चभ्रू सोसायटीला वॉर्ड ऑफिसरचा नंबर मिळतो, आयुक्तांना ट्विट करता येतं. वस्तीतल्या बाईला नगरसेविकेचं घर माहीत असतं, बस. काका म्हणाले खाणारी तोंडं कमी झाली. कमी झाली ती ओरडणारी तोंडं.

निळी_पाटी
हा मुद्दा बिनतोड आहे. महापालिकांसाठीची ७४वी घटनादुरुस्ती दिल्लीने दिली आणि मुंबईने चार वर्षं फ्रीजमध्ये ठेवली असं म्हणू.

सोलापुरी_चादर
आमच्या गावात तर लोकांना ग्रामपंचायत लागतच नाही आता. पीएम किसानचे सहा हजार दिल्लीहून खात्यात, नमो शेतकरीचे सहा हजार मुंबईहून खात्यात, लाडक्या बहिणीचे दीड हजार मुंबईहून. मधी कुणी नाही. आधी तलाठ्याकडं, ग्रामसेवकाकडं चकरा, त्यात अडवाअडवी, आता मेसेज येतो टुंग. माझी आई म्हणते सरकार चांगलंय. कुठलं सरकार म्हणलं तर ती दोन्ही नावं घेती, सरपंचाचं घेत नाही. सरपंचाकडं काय राहिलं, दिव्याचा बल्ब आणि गटार, आणि त्याला पण पैसे वरूनच. मग त्याला शिव्या बसणारच. चांगलं ते वरचं आणि घाण ती खालची अशी वाटणी करून ठेवलीय, मग भरवसा कुणावर बसणार सांगा.

बटाटेवडा
टुंग 😄 पण राव हे बेस्ट लिहिलंय.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितो. छोट्या राज्याचं दुखणं वेगळं असतं. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात आमच्या लोकांनी ३४ हजार मतांच्या फरकाने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, घरात मराठी पेपर येत असून नकार दिलेली कुटुंबं मला माहीत आहेत. कारण साधं होतं, मुंबईच्या नकाशात आपण एक तालुका होऊ ही भीती. दिल्ली चालेल, शेजारचा मोठा भाऊ नको. निदान दिल्लीच्या हाताखाली आपली विधानसभा तरी असेल.

पण म्हादई नदीचं काय झालं बघा. लवादाने २०१८ मध्ये पाणी वाटलं, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, आम्हाला २४, तुम्हाला १.३३. आम्ही त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात. तिथे प्रकरण पडून असताना डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालाला मंजुरी दिली. तेव्हा दिल्लीत, पणजीत आणि बंगळुरूत एकाच पक्षाचं सरकार होतं. डबल इंजिन म्हणतात ना, तर दोन इंजिनं दोन राज्यांत असली आणि पाणी एकच असलं की मग खासदार मोजतात. कर्नाटकाचे २८, आमचे २. लांबच्या साहेबाला आडनाव कळत नाही हे बरोबर, पण आकडा मात्र त्याला चांगला कळतो.

वऱ्हाडी_ठेचा
२ विरुद्ध २८. आमचा तं १० विरुद्ध बाकीचे ३८ असा हिशोब हाये, तोही एकाच राज्यात बसून.

फ्रँकफुर्टकर
जर्मनीत बरीच वर्षं आहे म्हणून इथलं थोडं. इथे राज्यसभेच्या जागी बुंडेसराट आहे, त्यात निवडून दिलेले खासदार नसतात, राज्य सरकारचे मंत्रीच जाऊन बसतात, लोकसंख्येप्रमाणे ३ ते ६ मतं, आणि एका राज्याची सगळी मतं एकगठ्ठा टाकावी लागतात. राज्यांच्या तिजोरीवर किंवा कारभारावर परिणाम करणारा कायदा त्यांच्या संमतीशिवाय होत नाही. आपल्याकडे २००३ पासून राज्यसभेसाठी त्या राज्याचा रहिवासी असायची अटसुद्धा काढून टाकली, म्हणजे सभागृहाचं नाव राज्यांचं, माणूस कुठलाही.

पैशाची भांडणं इथेही आहेत. बव्हेरिया राज्याचे लोक अगदी महाराष्ट्रासारखे बोलतात, आम्ही कमावतो आणि बर्लिन उडवतं. २०२३ मध्ये तर त्यांचं सरकार या वाटपाविरुद्ध घटना न्यायालयात गेलं. पण इथला कुणीही त्यांना लगेच आठवण करून देतो की १९८० च्या दशकापर्यंत तुम्ही घेणारे होतात. शेतीप्रधान बव्हेरिया दुसऱ्यांच्या पैशावर उभा राहिला आणि मग देणारा झाला.

जुना_कारकून यांच्यासाठी खास: इथे धंद्यावरच्या स्थानिक कराचा दर प्रत्येक नगरपालिका स्वतः ठरवते. त्यामुळे महापौराला शिव्या देताना माणसाला माहीत असतं की पैसा याच्याकडे आहे आणि दर यानेच वाढवलाय. दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय त्याला कमी.

जुना_कारकून
तेच तर. आपल्या महापौराकडे ना पैसा, ना अधिकार. आयुक्त राज्याने नेमलेला, सह्या त्याच्या. मोठे रस्ते आणि पूल एमएमआरडीए, पुण्यात पीएमआरडीए, झोपडपट्टी एसआरए, हे सगळं राज्याच्या हातात. म्हणून नगरसेवक गेले तरी काही थांबलं नाही, थांबण्यासारखं त्यांच्या हातात फारसं ठेवलंच नव्हतं. घाटमाथा, लोकांना जाणवलं नाही याचं खरं कारण हे आहे, लोक हुकूमशाहीवर खूश आहेत वगैरे मला नाही वाटत.

घटनेत केंद्र आणि राज्यांमध्ये जसा वित्त आयोग आहे तसाच राज्य आणि पालिका-पंचायतींमध्ये राज्य वित्त आयोग आहे, तो पण दर पाच वर्षांनी. दिल्लीच्या आयोगाचे टक्के ग्रुपवर सगळ्यांना पाठ. राज्याच्या आयोगाचा अध्यक्ष कोण, त्याने काय शिफारस केली, ती सभागृहात कधी ठेवली, हे एकदा विचारून बघा तुमच्या काकांना.

घाटमाथा
विचारलं आत्ताच. काका म्हणतात असा काही आयोग नसतो.

बटाटेवडा
ठीके, समजा पटलं मला. आता नगरसेवक आलेत निवडून. सामान्य माणसाने नेमकं करायचं काय? परत पाच वर्षांनी मत द्यायचं?

अनुश्री_के
गावात ग्रामसभा असते तशी शहरात क्षेत्रसभा नावाची गोष्ट कायद्यात आहे. २००९ मध्ये आणली, ती पण राज्याला हौस म्हणून नाही, केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचे पैसे हवे असतील तर असा कायदा करा अशी अट होती म्हणून. मतदारांनी एकत्र बसून वॉर्डातल्या कामांची यादी ठरवायची. इथल्या शहरातल्या कुणाला कधी त्याची नोटीस आलीय का?

रिकामटेकडा
नाही.

घाटमाथा
पहिल्यांदा ऐकतोय.

सोलापुरी_चादर
आमची ग्रामसभा तरी होती. कोरम नसतो म्हणून तहकूब होती, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चौघांत उरकती, पण होती.

बटाटेवडा
मग ही क्षेत्रसभा बोलवायला सांगायचं कुणाला? वॉर्ड ऑफिसला?

अनुश्री_के
नगरसेवकाला. अध्यक्ष तोच असतो. लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

बटाटेवडा
पण आमचा प्रभाग चार जणांचा आहे. चौघांपैकी कोण?

जुना_कारकून
चौघांनाही द्या. चार पोच घ्या. आणि चार जणांचा प्रभाग कुणी ठरवला ते पण एकदा बघून ठेवा, तुमच्या शहराने नाही ठरवलेला.